वाटण, वाटणी की वाटप? क्रियापदावरून नाम लिहिताना नेमकं कुठे चुकतं

मालवणात माझं टायपिंग-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. अर्ज, बॅनर, पत्रिका, खानावळींची मेनूकार्डं, सोसायटीच्या नोटिसा, सगळं येतं. आणि दर आठवड्याला तीच एक चूक येते. माणूस बोलताना एकदम बरोबर बोलतो, "दुपारी प्रसाद वाटणार हाव" असं सांगतो, पण कागदावर लिहायची वेळ आली की त्याला वाटतं साधं क्रियापद बरं दिसत नाही, जरा भारदस्त पाहिजे, मग तो त्याचं नाम करायला जातो आणि लिहून आणतो "महाप्रसाद वाटणी दुपारी १ वाजता". एका मंडळाचा असा बॅनर मी डोळे झाकून छापला होता. आठवडाभर गावात लोक विचारत होते की प्रसादावरून भाऊबंदकी कधी सुरू झाली.

गोंधळ होतो तो एका समजुतीमुळे. क्रियापद माहीत आहे म्हणजे त्याचं नामही आपल्याला माहीत आहे, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. क्रियापद ऐसपैस असतं, दहा कामांना चालतं. नाम त्यातलं एखादंच काम धरून बसतं आणि बाकीच्यांना दारात उभं करत नाही. म्हणून खालच्या पायऱ्या, आणि याच क्रमाने करा, कारण तिसरी आधी केली की पहिलीतली चूक तशीच पुढे जाते.

तयारी

कागद घ्या आणि जे सांगायचंय ते आधी बोलीत, क्रियापदासकट लिहा. कोण, कुणाला, काय करतो, पूर्ण वाक्य. "आम्ही सगळ्यांना वह्या वाटणार." "आम्ही तिघा भावांनी जमीन वाटून घेतली." "मी खोबरं वाटलं." हे वाक्य फेकू नका, शेवटी लागणार आहे.

मोबाइलवर एखादा शब्दकोश उघडून ठेवा. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश नेटवर फुकट शोधता येतो, पण त्यात क्रियापदं जुन्या पद्धतीने डोक्यावर टिंब देऊन आहेत, म्हणजे "वाटणे" नाही, "वाटणें" असं टाका, नाहीतर काहीच सापडत नाही आणि तुम्ही म्हणणार कोशात शब्दच नाही.

तिसरी गोष्ट, त्या धंद्यातलं एक माणूस. शेतीचा शब्द असेल तर शेती करणारा, मासळीचा असेल तर मासळीवाली. कोशापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, माझा अनुभव.

पायरी १: क्रियापदाचे अर्थ सुटे करा

वाटणे घेऊ, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच आहे. एक, पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये बारीक करणे. दोन, लोकांना देणे किंवा हिस्से पाडणे. तीन, मनात येणे, म्हणजे "मला वाटतं".

आता गंमत बघा, ही मुळात एक क्रियापद नाहीच. हिस्से पाडायचं ते पूर्वी "वांटणें" असं वा वर टिंब देऊन लिहायचे, बारीक करायचं आणि मनातलं ते टिंबाशिवाय. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात नसलेली टिंबं काढून टाकली आणि कागदावर तिन्ही सारखी दिसायला लागली. शेजारच्या कोकणीत हिश्शाला अजून "वांटो" म्हणतात, तिथे ते टिंब जिवंत आहे. त्यामुळे पहिल्या पायरीलाच अर्थ सुटे केले नाहीत तर तुम्ही एका क्रियापदाचं नाम दुसऱ्याला लावणार हे ठरलेलं.

सुटे केल्यावर प्रत्येकाची नामं वेगळी दिसतात. बारीक करण्याचं नाम वाटण, म्हणजे तयार झालेला गोळा, खोबरं-मिरची-धणे वाटून. हिस्से पाडण्याची नामं तीन: वाटणी म्हणजे मालकीचे तुकडे पडणं, वाटप म्हणजे हातातलं लोकांना देणं, आणि वाटा म्हणजे ज्याच्या त्याच्या पदरात पडलेला तुकडा. आणि "मला वाटतं" याला नामच नाही. मत, भावना, अंदाज असं काहीतरी वेगळंच घ्यावं लागतं.

तपासा: तुमच्या वाक्यात वस्तू दिल्यावर देणाऱ्याचा संबंध संपतो का? संपत असेल तर वाटप. सगळे आधीपासूनच मालक आहेत आणि आता वेगळे होतायत? मग वाटणी. वह्यांचं वाटप, जमिनीची वाटणी.

वाढणे पण असंच. रोप वाढतं त्याची वाढ, पानात भात वाढतात त्याचं वाढप, वाढणारा तो वाढपी. "जेवणाची वाढ १२ वाजता" असं एका पत्रिकेत आलं होतं, मी विचारलं किती इंच?

पायरी २: शब्दाचं शेपूट बघा, पण स्वतः जोडू नका

क्रियापदाला वेगवेगळी शेपटं लागून नामं होतात आणि प्रत्येक शेपटाचा साधारण एक स्वभाव असतो.

-णी असेल तर बहुतेक वेळा ते एक ठरलेलं, नाव असलेलं काम असतं. शेतीत पेरणी, लावणी, कापणी, झोडणी. कचेरीत मोजणी, नोंदणी. किंवा मग सरळ हत्यार असतं: खवणी, किसणी, चाळणी, गाळणी. त्यामुळेच "केसांची कापणी" म्हटलं की हसू येतं. केस कापतात हे खरं, पण कापणी म्हणजे भाताची. कणीक मळतात, पण मळणी म्हणजे धान्य सुटं करायची.

-ण असेल तर कामातून निघालेली वस्तू किंवा कामाला लागणारा माल: वाटण, दळण, जेवण, झाकण. आणि इथे एक बारकी गोष्ट आहे. वाटण म्हणजे वाटून झालेलं, नारळ खवून ठेवलाय त्याला अजून कुणी वाटण म्हणत नाही. पण दळण? "दळण टाकून ये" म्हणताना पिशवीत तांदूळ असतात आणि "दळण घेऊन ये" म्हणताना त्याच पिशवीत पीठ असतं. शेपूट तेच, वागणूक वेगळी.

-प असेल तर ते राबण्याचं नाव: वाटप, वाढप, कांडप. भात कांडप गिरणी अशी पाटी तुम्ही बघितली असेल.

आणि काहींना शेपूटच नाही: ठेव, उचल, निवड, वाढ, मोड, काप, उकड. क्रियापदापासून सगळ्यात लांब गेलेली नामं यांच्यातच सापडतात, म्हणून इथे दुप्पट सावध राहा. उचलणे म्हणजे वर घेणे, उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. मोडणे म्हणजे तुकडे होणे, मोड म्हणजे भिजवलेल्या मटकीला फुटतात ते. उकडणे म्हणजे बटाटे उकडणे आणि मे महिन्यात आपल्याला होतं ते पण, पण उकड म्हटलं की मोदकाची तांदळाच्या पिठाची पारी किंवा ताटलीत तेल घालून खायची ती. "आज फार उकड आहे" असं लिहिलं तर पाहुणा जेवायला बसेल. उन्हाळ्यासाठी उकाडा.

सांभाळा: सगळ्यात मोठी चूक इथे होते. पेरणे-पेरणी, कापणे-कापणी असं दिसलं की लोक स्वतःच -णी लावत सुटतात. भाजणे-भाजणी, बरोबर ना? हो, पण भाजणी म्हणजे थालीपिठाचं पीठ. पावसाआधी शेतात पातेरा (वाळका पाला), गवत, शेणी घालून जाळतात त्याला आमच्याकडे भाजावळ म्हणतात. "भाजणी करताना वणवा लागणार नाही याची काळजी घ्यावी" असं नोटिशीत लिहिलंत तर बायका गॅसकडे बघतील.

पायरी ३: लिंग ठरवा

हे लोक सोडूनच देतात. वाटणी झाली, वाटप झालं, वाटण झालं, वाटा पडला. इथपर्यंत ठीक. -णी वाली कामाची नामं डोळे मिटून स्त्रीलिंगी.

घोळ -ण चा. वाटण, दळण, जेवण, वळण, धरण, तारण, झाकण ही सगळी "ते". पण आठवण, शिकवण, साठवण, राखण, लागण, घसरण ह्या "ती". नियम सांगा म्हणाल तर मी सांगणार नाही, माझ्याकडे एकच उपाय आहे: नामाच्या मागे "झाली" आणि "झालं" दोन्ही लावून मोठ्याने म्हणा, कान सांगतो. "दरात घसरण झालं" म्हणून बघा, जिभेलाच कसंतरी वाटतं.

वाटप मात्र कानही फसवतो, कारण "वाटप झाली" असं लिहिलेलं इतक्या वेळा दिसतं की ते बरोबर वाटायला लागतं. साहित्याचं वाटप झालं. नपुंसकलिंगी.

पायरी ४: नामाच्या शेजारी कोण बसतं ते बघा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे आणि हिच्यावर कोण एक मिनिट घालवत नाही. नामाचा अर्थ पुष्कळदा त्याच्या शेजारचं क्रियापद ठरवतं.

भरती घ्या. भरणे म्हणजे भरणे, घागर भरा नाहीतर फॉर्म भरा. पण समुद्राला भरती येते, आणि पोलिसांची भरती निघते, होते, करतात. समुद्राची भरती कोणी करत नाही आणि पोलिसांना भरती येत नाही. बोटिंगवाल्यांच्या एका फलकावर "भरती सकाळी ९ वाजता होईल" असं होतं, दोन पोरं कागदपत्रं घेऊन उभी राहिली असती तर दोष कुणाचा? (शिवाय समुद्राच्या भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, रंगवलेल्या पाटीवर तास लिहायचाच कशाला.) पैसे भरले त्याचा भरणा, खड्डा भरला तो भराव, नुकसान भरून दिलं ती भरपाई. आणि अर्ज भरले त्याला नाम नाही, "अर्ज भरणा" असलं काही बनवू नका.

भरतीच्या उलट ओहोटी, आमच्याकडे बरेच जण सुकती म्हणतात. सुकणे वरून आलेला दिसतो शब्द, पण सुकतीला खाडी काही सुकत नाही, पाणी मागे जातं फक्त. आणि त्याच सुकण्यातून सुकट, म्हणजे सुकवलेला बारीक जवळा, आणि सुकं, म्हणजे रस नसलेलं कालवण. सुकं चिकन हे उन्हात वाळवलेलं नसतं हे मुंबईच्या एका गिऱ्हाईकाला समजावून सांगताना एका खानावळवाल्याची दमछाक झालेली मी बघितली आहे.

आता राखण. राखणे म्हणजे सांभाळणे, गुरं राखणे, बाग राखणे. बागेची राखण करतात. पण राखण देतात तेव्हा तो वेगळाच विषय, गावच्या जागेवाल्याला, राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या दैवताला, वर्षाचा नारळ किंवा कोंबा (कोंबडा) द्यायचा तो. "करणे" आणि "देणे" एवढाच फरक. टाइप करताना मी "राखण" दिसलं की पुढचं क्रियापद आधी वाचतो.

उतारा पण तसाच. तलाठ्याकडून ७/१२ चा उतारा काढतात. पुस्तकातला उतारा वाचतात. विषावर उतारा देतात. आणि कुणाला नजर लागली तर उतारा टाकतात. कुठे तो उतरणे आणि कुठे हे सगळे.

तपासा: तुमच्या नामापुढे येणे, होणे, करणे, देणे, काढणे, लागणे ही सहा लावून बघा. जे बसेल ते लिहून ठेवा आणि नामाबरोबर तेच वापरा. आपल्याला सवय आहे सगळ्याला "करण्यात येईल" चिकटवायची, ती आवरा.

पायरी ५: परत क्रियापदाकडे जा

तयारीत लिहिलेलं बोलीतलं वाक्य काढा. आता तुमचं नामाचं वाक्य कुणातरी दुसऱ्याला द्या आणि म्हणा हे मला साध्या बोलण्यात सांग. त्याने सांगितलेलं आणि तुमचं मूळ वाक्य जुळलं तर पास.

जुळत नाही ते कुठे, तर जिथे क्रियापद शुभ-अशुभ सांभाळायला वापरलेलं असतं. नारळ फोडला म्हणायचं नाही म्हणून आपण नारळ वाढवला म्हणतो. बांगडी फुटली न म्हणता वाढवली. दुकान बंद केलं न म्हणता वाढवलं. हे अर्थ फक्त क्रियापदातच जगतात, नामात शिरतच नाहीत. "श्रीफळ वाढवून शुभारंभ" चालतं, "श्रीफळाची वाढ" म्हणजे नारळ मोठा झाला. माझ्या भाच्याने एकदा माझ्याच दुकानावर कागद लावला, "सणानिमित्त दुकान संध्याकाळी ६ वाजता वाढवण्यात येईल". पुण्याचे एक गृहस्थ आत येऊन कौतुकाने विचारतात, शेजारचा गाळा घेतलात वाटतं?

पायरी ६: वाचणारा कुठला आहे?

इथपर्यंत सगळं बरोबर करूनही फसगत होते, कारण तेच नाम दुसऱ्या गावात दुसरं काम करतं.

आमच्याकडे आंब्याची कलमं लावली की ती लागवड. सरकारी योजनेतही फळबाग लागवड असंच असतं. लागण म्हणजे रोग. पण कोल्हापूर-सांगलीकडे उसाची लागण म्हणतात आणि ती चांगलीच असते. तिकडच्या पाहुण्याने आमच्या बागवाल्याला फोनवर "यंदा किती लागण केली?" विचारलं आणि हा आधी घाबरला, म्हणाला, "अहो, औषध मारलंय मी." लावणीचं तर विचारूच नका, जुलैत भाताची आणि बाकी वर्षभर स्टेजवरची.

दुसरी जागा म्हणजे महसूल. मी वर सांगितलं जमिनीची वाटणी म्हणून. तहसीलदाराकडे मात्र त्याच गोष्टीला वाटप म्हणतात, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ८५ खाली अर्ज करायचा तो "वाटपाचा" अर्ज. म्हणून तिथे माझं ऐकून वाटप खोडू नका. कागदाचं नाव वाटणीपत्र, अर्ज वाटपाचा, आणि घरात भांडण वाटणीवरून. कचेरीचा शब्द कचेरीत, बास.

मोजण्याचं पण. जमीन मोजायची असेल तर भूमी अभिलेखकडे "मोजणीचा" अर्ज, "मोजमापाचा" नव्हे. खिडकीचं माप घेतात ते मोजमाप, बोटीवरचे क्रेट मोजतात ती मोजदाद. मतांची मात्र मतमोजणीच, अपवाद म्हणून सोडून द्या.

पायरी ७: नाम सापडत नसेल तर क्रियापदच ठेवा

लोकांना हे पटत नाही. भाजी निवडतात, तांदूळ निवडतात, पण "तांदळाची निवड" म्हणजे कोलम घ्यायचा की सोनम, खडे काढायचं काम नाही. खडे काढण्यासाठी नाम नाही मिळत, मग लिहा ना सरळ "तांदूळ निवडून घ्यावेत". सोसायटीच्या नोटिशीत पण बघा, सगळ्यांनी एकमताने अध्यक्ष ठरवला तर निवड झाली, मतदान घेतलं तर निवडणूक झाली. दोन्हीला क्रियापद एकच, निवडणे. चुकीचं नाम टाकलंत तर उद्या कोणीतरी मतपत्रिका मागेल.

अजून काही, पटापट

तारणे म्हणजे वाचवणे, तारण म्हणजे कर्जासाठी बँकेकडे गहाण टाकलेलं. घर तारण ठेवलं की ते तरलं असं नाही, बऱ्याचदा उलटंच.

ठेवणे वरून तीन: ठेव बँकेत, ठेवा म्हणजे जपून ठेवलेलं धन, ठेवण चेहऱ्याची. "चेहऱ्याची ठेव" लिहून आणलेला एक स्थळाचा बायोडाटा मी वेळेत पकडला.

-णे वरच संपणारी नामं वेगळी ओळखा. लाटणं, धरणं, दुखणं, गाणं, देणं. ओळखायची युक्ती: आधी आकडा लावा. दोन लाटणी, चार गाणी, जमलं म्हणजे वस्तू. जमलं नाही तर विशेषण लावा: मोठं दुखणं, जुनं देणं. पण दुखणं म्हणजे आजारपण, नुसतं पाय दुखणं नव्हे, त्यामुळे रजेच्या अर्जात "पायाचे दुखणे" लिहिलंत तर साहेब समजेल मोठं काहीतरी आहे. पाय दुखतोय एवढंच असेल तर "पाय दुखत असल्यामुळे". आणि धरणे: हात धरणे, मासा धरणे, आणि कचेरीसमोर बसतात तेही धरणे. तिथे आकडा लावू नका, तिथे जागा बघा: "समोर धरणे" असेल तर सतरंजी घेऊन जा.

कापणे वरून कापणी, सुरणाचे काप, आणि फणसातला कापा. कापा म्हणजे कापलेला फणस असं एका मेनूकार्डात भाषांतरासाठी गृहीत धरलं होतं. कापा ही जात आहे, गरे घट्ट असतात तो, मऊ रसाळ तो बरका. अख्खा, न कापलेला फणस झाडावर असला तरी तो कापाच.

परवाच एक काकू मेनूकार्ड घेऊन आल्या, "मालवणी वाटणीतली कोंबडी" असं होतं. वाटणातली म्हणायचंय का विचारलं, तर म्हणाल्या वाटणातली लिहिलं की लोकांना वाटाण्यातली वाटते. मग आम्ही वरच्या सातही पायऱ्या केल्या आणि शेवटी छापलं, "ताजं खोबरं वाटून केलेली कोंबडी". रेट तोच ठेवला.